परतीची तारीख कुणी ठरवायची?

२ जून १९८९, शुक्रवार. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी एका वाडीत तुम्ही उभे आहात. पाऊस अजून उतरलेला नाही, पण प्रतापगडाच्या बाजूला ढग दाटलेत आणि अंगाची नुसती काहिली होतेय. कौलं परतून झालीत. लाकूडफाटा पडवीत रचलाय. राब भाजलेले तुकडे काळेभोर दिसतायत. दोन सरी पडल्या की भात पेरायचं. घरटी एक माणूस मुंबईला गिरणीत नाहीतर फौजेत, असा हा मुलूख. गिरणीतली बरीचशी माणसं संपानंतर गावी परतली. फौजेतली फौजेतच आहेत.

"पावनं, वर या, ओटीवर बसा."

हाक मारणाऱ्या म्हाताऱ्याला सगळी वाडी सुभेदार म्हणते. पेन्शनीवर येऊन बरीच वर्षं झाली, तरी मिशी रोज सकाळी सारखी होते आणि बसताना पाठ ताठ असते. खुंटीला ट्रान्झिस्टर टांगलाय. मराठी बातम्या चालू आहेत. श्रीलंकेचे अध्यक्ष रणसिंघे प्रेमदासा यांनी काल जाहीर सभेत सांगितलं, की भारताने आपली शांतिसेना २९ जुलैच्या आत माघारी न्यावी.

आत चुलीपुढे सून बसलीय. तव्यावरची भाकरी उलटायची राहून जाते. पदराला हात पुसत ती दारात येते, उंबऱ्याच्या आतच थांबते.

"काय म्हनला मामा तो? कधी धाडनार म्हनला?"

"एकोनतीस जुलैला घेऊन जा म्हनतोय तिथला अध्यक्ष."

"म्हंजी येनार हे?"

"त्येनं म्हनून काय हुतंय? दिल्ली ठरवनार."

तिचा नवरा मराठा पलटणीत आहे आणि दीड वर्षापासून श्रीलंकेत आहे. सुभेदार देव्हाऱ्यामागून पत्रांचा गठ्ठा काढून तुमच्या हातात देतात. सगळी पत्रं सारखीच. वर नंबर, हुद्दा, नाव आणि पुढे 'मार्फत ५६ एपीओ'. गाव नाही, जिल्हा नाही, देशही नाही. 'तीर्थरूप आबांस शिरसाष्टांग नमस्कार. मी इकडे खुशाल आहे, तुमची खुशाली कळवणे. राब भाजला का? गायीच्या वासराचं काय झालं? धाकट्याला शाळेत घातलं का?' एका पानभर पत्रात तिथल्या लढाईची एक ओळ नाही. शेवटी, जरा तिरकं, घाईने लिहिलेलं: 'गणपतीला रजा मिळेल असं वाटतं.' कागदाच्या घड्या फाटायला आल्यात, इतक्यांदा ते उघडून वाचलंय.

तुम्हाला पुढचं माहीत आहे. २९ जुलैला तो येणार नाही. गणपती ४ सप्टेंबरला बसतील तेव्हाही त्याच्या रजेचा भरवसा नाही. तुम्ही सांगू शकत नाही. ज्या काळात आलात तिथल्या माणसांना पुढचं सांगायची सोय नाही. तुम्ही पत्रांची घडी होती तशी करून परत देता.

सुभेदारांसोबत एसटीने तुम्ही महाडला उतरता. बाजारपेठेत छत्र्या दुरुस्त करणारे बसलेत, इरल्यांचा आणि ताडपत्रीचा ढीग लागलाय. महिन्याची सुरुवात, म्हणून पेन्शनर मंडळी आलीत. पैसे मोजून बंडीच्या आतल्या खिशात घातले, की ती चहाच्या दुकानात जमतात. महाड तालुक्यात एका गावाच्या नावातच 'फौजी' आहे, फौजी आंबवडे. तिथलेही दोघे-तिघे आहेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे आहेत, महार रेजिमेंटचे आहेत. ज्या चवदार तळ्याचं पाणी महारांना घेऊ दिलं जात नव्हतं, त्या तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागून जी माणसं गेली, त्यांत पलटणीतून परतलेले शिपाई होते. आज त्यांचे नातू आणि मराठ्यांचे नातू एकाच बाकावर बसून एकाच लढाईबद्दल बोलतायत, कारण दोन्हीकडची पोरं तिकडे आहेत.

८ महार पलटणीचं नाव इथे सगळ्यांना ठाऊक आहे. मेजर रामस्वामी परमेश्वरन त्याच पलटणीचे, जन्म मुंबईचा. २५ नोव्हेंबर १९८७च्या रात्री श्रीलंकेत झडती आटोपून परतताना त्यांच्या तुकडीला वाघांनी, म्हणजे एलटीटीई या तमिळ संघटनेच्या लढवय्यांनी, घेरलं. छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची बंदूक हिसकावून त्यालाच मारलं, आणि शेवटपर्यंत हुकूम देत राहिले. त्या अख्ख्या मोहिमेतलं एकमेव परमवीरचक्र त्यांचं.

"तारीख सांगायची म्हंजी लढाई हरल्याचं सांगनं," महार रेजिमेंटचा एक निवृत्त हवालदार म्हणतो. त्याचा पुतण्या तिकडे आहे. "वाघाला तेवढंच पायजे. जंगलात बसून दिवस मोजंल. आपला शेवटचा ट्रक हालला की भायेर येईल. मंग आपली जी पोरं पडली, ती कशापायी पडली?"

"आन तारीखच न्हाई सांगितली तर?" सुभेदार विचारतात. "मंग काय, नातवंडं जातील तिकडं?"

कोणी हसत नाही. हवालदाराचं म्हणणं खोटं नाही, हे सुभेदारांनाही कळतं. बशीतला चहा तसाच राहतो. कुणीतरी म्हणतं, आपन शिपाई, आपल्याला कोन इचारतो. त्यावर सुभेदार एकदम तापतात. "इचारायला पायजे! जमालपूरला आमाला ठावं न्हवतं परत कधी जायचं ते. पन दिल्लीला ठावं हुतं!"

इथे मी तुम्हाला त्या बाकावरून उठवून मागे नेतो, कारण सुभेदारांचं हे एक वाक्य या सगळ्या वादाचा गाभा आहे.

डिसेंबर १९७१, जमालपूर, पूर्व पाकिस्तान. धुकं, भाताची कापलेली खाचरं, आणि शहराच्या मागे रस्ता अडवून बसलेली १ मराठा, लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखाली. ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी धाडली, तर पाकिस्तानी कमांडर सुलतान अहमद यांनी उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री त्यांनी कोंडी फोडायचा प्रयत्न केला, मराठ्यांनी तो रोखला, आणि दुसऱ्या दिवशी जमालपूर पडलं. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. आपली फौज जिंकलेली, नव्या बांगलादेशाचं सरकार आपल्याच आधारावर उभं. राहायचं म्हटलं असतं तर कोण काढणार होतं?

तरीही शेख मुजीब पाकिस्तानच्या तुरुंगातून सुटून आले, आणि फेब्रुवारी १९७२मध्ये कोलकात्यात त्यांनी आणि इंदिरा गांधींनी मिळून जाहीर केलं, की भारतीय सैन्य २५ मार्चपर्यंत परत जाईल. १२ मार्चलाच ढाक्याच्या स्टेडियममध्ये निरोपाची परेड झाली. तुम्ही त्या गर्दीत उभे राहून बघा. लोक हात हलवतायत. जिंकून आलेली फौज, ठरल्या तारखेच्या आधी, यजमानाने रीतसर निरोप दिल्यावर निघतेय. इंदिराबाई पाहुण्या म्हणून ढाक्याला गेल्या १७ मार्चला, फौज निघाल्यावर. हे क्रमाने लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता २९ जुलै १९८७, कोलंबो. राजीव गांधी आणि श्रीलंकेचे तेव्हाचे अध्यक्ष जयवर्धने करारावर सह्या करतायत. तुम्हाला तो कागद नीट वाचायचा आहे, कारण तारखांच्या बाबतीत इतका काटेकोर कागद क्वचितच सापडेल. सह्या झाल्यापासून ४८ तासांत गोळीबार थांबेल. त्यानंतर ७२ तासांत तमिळ संघटना शस्त्रं खाली ठेवतील. १५ ऑगस्टपर्यंत पूर्व आणि उत्तर प्रांतांतली आणीबाणी उठेल. तीन महिन्यांत, कसंही करून ३१ डिसेंबर १९८७च्या आत, प्रांतिक निवडणुका होतील. पूर्व प्रांताने उत्तरेसोबत राहायचं की नाही याचं सार्वमत ३१ डिसेंबर १९८८च्या आत. इतकं सगळं. आणि जोडपत्रात एक कलम, की गरज पडली तर श्रीलंकेचे अध्यक्ष भारतीय शांतिसेनेला बोलावू शकतील.

बोलावू शकतील. परत कधी पाठवतील, ते कुठेच नाही.

दुसऱ्याच दिवशी आपली फौज जाफन्यात उतरली. लोकांनी हार घातले. १० ऑक्टोबरला त्याच फौजेची वाघांशी लढाई जुंपली. जाफना घ्यायला जी ९१वी ब्रिगेड होती, तिच्यात ८ महार होती आणि जमालपूरवाली १ मराठाही होती. पुढे पुढे फौज वाढत चार डिव्हिजनांवर गेली. शस्त्रं ७२ तासांत खाली आली नाहीत, सार्वमत झालंच नाही. एकेक मुदत टळत गेली, आणि ज्या कामाची मुदतच लिहिलेली नव्हती ते लांबत गेलं. दिल्लीत कुणाला वाईट हेतू होता असं मी म्हणत नाही. पण तमिळांना न्याय मिळवून देणं, वाघांची शस्त्रं काढणं, श्रीलंका एकसंध ठेवणं, आणि परक्या सत्तांना त्या बेटापासून लांब ठेवणं, ही सगळी कामं एकाच शिपायाच्या खांद्यावर दिली आणि यातलं कोणतं पुरं झालं की घरी यायचं हे त्याला सांगितलं नाही. ही चूक लढाईतली नव्हे. ती सह्या करण्याच्या टेबलावरची आहे.

परकी फौज तारखेवाचून घरात आली की काय होतं, हे महाडला कुणी शिकवायला नको होतं. चला, आणखी मागे.

नोव्हेंबर १८०२. महाडच्या बंदराकडे सावित्रीचं पाणी भरतीने वर चढलंय. गावात एरवी दिसत नाहीत इतकी घोडी, पालख्या, कारकून, हुजरे. सत्तावीस वर्षांचा पेशवा, दुसरा बाजीराव, पळून इथे आलाय. २५ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, हडपसरला यशवंतराव होळकरांनी त्याच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. तो सिंहगडाकडे, मग रायगडाकडे, मग महाडला. गावातले लोक दुकानांच्या फळ्या अर्ध्या लावून बघतायत. राज्याचा धनी आपल्या गावात आलाय, याचा आनंद मानावा की धसका घ्यावा, कुणाला कळत नाही. आत कागद लिहिले जातायत. इथूनच तो मुंबईकर इंग्रजांना लिहितो, की आम्हाला न्यायला जहाजं पाठवा.

त्या लिहिणाऱ्या कारकुनाचा हात धरावासा वाटतो ना? धरता येत नाही. महाडहून तो सुवर्णदुर्गाला जातो, तिथून इंग्रजांच्या जहाजाने वसईला, आणि ३१ डिसेंबर १८०२ला वसईचा तह होतो. कंपनीची किमान सहा हजार कवायती पायदळ फौज पेशव्याच्या मुलखात कायमची राहील, आणि तिच्या खर्चापोटी २६ लाखांचा मुलूख कंपनीला तोडून दिला जाईल. कायमची. १३ मे १८०३ला त्याच फौजेच्या पहाऱ्यात बाजीराव पुण्याच्या गादीवर परत बसला. पंधरा वर्षांनी, १० मे १८१८ला, इंग्रजांच्या तोफांनी रायगड घेतला, तेव्हा गडावर त्याचीच बायको वाराणसीबाई अडकलेली होती. पुढच्या महिन्यात बाजीराव स्वतः शरण गेला.

मी १९८९च्या भारताला १८०२च्या कंपनीशी तोलत नाही. आपण श्रीलंकेचा मुलूख गिळायला गेलो नव्हतो. पण कोलंबोतल्या माणसाला दुरून हा फरक कसा दिसावा? आपल्या घरात दुसऱ्याची फौज, आणि ती कधी जाणार हे घरधन्याला सांगता येत नाही, हे त्याच्या डोळ्यांना दिसतं. श्रीलंकेच्या दक्षिणेत जनता विमुक्ती पेरमुना (जेव्हीपी) या संघटनेचे सिंहली तरुण याच रागावर बंड पेटवत होते. प्रेमदासांनी तारीख मागितली ती या दबावातून. मागताना त्यांनी खुनशीपणाही केला: आपल्या जवानांशी लढणाऱ्या वाघांना त्यांच्याच सरकारने शस्त्रं पुरवली, हे पुढे श्रीलंकेतच उघड झालं. तरीही देश त्यांचा होता, आणि मागणी ऐकल्यावर नाही म्हणायला आपल्यापाशी टिकणारं कारण नव्हतं. राजीव गांधींचं उत्तर असं, की एकतर्फी तारीख मान्य नाही. करारातली वचनं पुरी होणं आणि फौज परत येणं हे जोडीने चाललं पाहिजे. तत्त्व म्हणून हे बरोबरच आहे. पण ते १९८७च्या कागदात लिहायला हवं होतं. दोन वर्षांनी पाहुण्याने अटी सांगायला सुरुवात केली, की त्यांना वजन राहत नाही.

पुन्हा महाड. २९ जुलै १९८९, शनिवार. पाऊस थांबायचं नाव घेत नाही. याच आठवड्यात जिल्ह्याच्या वरच्या अंगाला जांभूळपाड्यावर अंबा नदी रात्रीची चालून आली आणि माणसं झोपेत वाहून गेली. इथे सावित्री आणि गांधारी फुगल्यात म्हणून बाजारपेठेतल्यांनी माल माळ्यावर टाकलाय. तुम्ही त्याच चहाच्या दुकानात, भिजलेल्या घोंगड्यांच्या वासात बसला आहात. कालच दोन्ही सरकारांनी मिळून पत्रक काढलं, की माघार पुन्हा सुरू होतेय. आज श्रीलंकेतून सहाशेच्या वर जवान जहाजावर चढले. बाकीचे हजारो तिथेच. प्रेमदासांना तारीख पाळल्याचं सांगता आलं, राजीव गांधींना तारीख न मानल्याचं. तिकडे दोघांची अब्रू राहिली, इकडे पोलादपूरच्या वाडीत ती सून रोज पोस्टमनच्या वाटेकडे बघतेय. पाऊस लागला की पोस्टमन वरच्या वाड्यांत दिवसाआड येतो. पत्र आलं तर तो लांबूनच हात वर करतो. तार आली तर करत नाही, सरळ सुभेदारांकडे जातो. तो दिसल्यापासून ओटीशी येईपर्यंतचा वेळ तिने कसा काढायचा? तिच्यासोबत एकदा तेवढा वेळ उभे राहा, म्हणजे 'मुदतीची घाई करू नये' हे वाक्य तुमच्या तोंडून सहज निघणार नाही.

चार दिवसांनी, २ ऑगस्टला, जाफन्याच्या उत्तर किनाऱ्यावर वल्वेट्टितुरै गावात वाघांनी गस्तीवर हल्ला केला. सहा जवान मेले. त्यानंतर आपल्या जवानांच्या हातून त्या गावातले पन्नासहून अधिक तमिळ रहिवासी मारले गेले. हे लिहिताना हात जड होतो, पण लिहायला हवं. ज्यांना वाचवायला गेलो त्यांच्याच घरांत हे घडलं. ज्याने केलं त्याचा दोष त्याच्याच माथी राहील. पण का लढतोय आणि कुठवर, हे न सांगता माणसाला दोन-दोन वर्षं परक्या गल्ल्यांत बंदूक घेऊन फिरवलं, की चांगल्या पलटणीचीही घडी विसकटते. त्याची जबाबदारी वरपर्यंत जाते.

मग १८ सप्टेंबरचा समझोता: २० सप्टेंबरपासून मोहीम थांबवायची आणि ३१ डिसेंबरपर्यंत माघार पुरी करायचा प्रयत्न करायचा. डिसेंबरमध्ये दिल्लीत विश्वनाथ प्रताप सिंहांचं सरकार आलं. ३१ डिसेंबर उलटला. अखेर २४ मार्च १९९० रोजी त्रिंकोमालीच्या धक्क्यावरून शेवटची तुकडी जहाजावर चढली. गुढीपाडवा तीन दिवसांवर होता.

त्या धक्क्यावर थोडं थांबा. हवालदाराने महाडच्या दुकानात जे सांगितलं होतं ते तुमच्या डोळ्यांपुढे खरं होतंय. आपली फौज जिथून जिथून हलली, तिथे वाघ शिरले. आपल्या भरवशावर वरदराज पेरुमाळ यांचं प्रांतिक सरकार उभं होतं. त्याच्या रक्षणासाठी तमिळ पोरांची घाईघाईने फौज उभी केली होती, कित्येकांना घरातून ओढून आणून. वाघांनी ती मोडली. पेरुमाळ भारतात आले. त्या पोरांतले बरेच मागे राहिले, आणि मागे राहिलेल्यांचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. मद्रासच्या बंदरावर आपल्या जवानांचं स्वागत झालं, पण तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी त्याला गेले नाहीत. सुमारे १,२०० जवान परत आलेच नाहीत. जूनमध्ये श्रीलंकेत पुन्हा युद्ध भडकलं. २१ मे १९९१ला राजीव गांधी आणि १ मे १९९३ला प्रेमदासा, दोघेही वाघांच्याच आत्मघाती हल्ल्यात मारले गेले. तारीख नाकारणारा आणि तारीख मागणारा, दोघांनाही तिने वाचवलं नाही.

मग हवालदार बरोबर होता का? तारीख सांगणं म्हणजे शत्रूला हातात पंचांग देणं?

मी बराच विचार करून या मताला आलो आहे, की तो अर्धा बरोबर होता. शत्रू वाट बघतो हे खरं. पण तारीख न सांगितल्यानेही तो वाट बघतच असतो, कारण तो तिथला आहे. त्याचं घर तिथे, शेत तिथे, त्याला कुठे जायचं नाही. परक्या फौजेने एक दिवस जायचंच आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. माहीत नसतं ते पोलादपूरच्या घराला, दिल्लीतल्या खासदाराला, आणि ज्याने आपल्यावर विसंबून बंदूक धरली त्या तिथल्या पोराला. तारीख लपवण्याने अंधारात राहतात ती आपलीच माणसं.

त्याच १९८९च्या फेब्रुवारीत सोविएत फौज अफगाणिस्तानातून बाहेर पडली होती. जिनिव्हात एप्रिल १९८८मध्ये करार झाला, १५ मे १९८८ ते १५ फेब्रुवारी १९८९ अशी नऊ महिन्यांची मुदत लिहिली, आणि ठरल्या दिवशी शेवटच्या चिलखती गाड्या पूल ओलांडून गेल्या. सगळे म्हणत होते काबूल महिन्यात पडेल. नजीबुल्लांचं सरकार एप्रिल १९९२पर्यंत टिकलं, जोवर पैसा आणि दारूगोळा येत होता तोवर, आणि सोविएत संघच कोसळल्यावर पडलं. उलट अमेरिकेने २९ फेब्रुवारी २०२०ला दोह्यात तालिबानशी तारीख ठरवली, १ मे २०२१. काबूलच्या सरकारला त्या टेबलावर बसवलंही नाही. पुढे तारीख बदलत गेली आणि १५ ऑगस्ट २०२१ला, शेवटचं विमान उडायच्या आधीच, काबूल पडलं. दोन्हीकडे तारीख होती. फरक हा, की एका ठिकाणी मागे राहणाऱ्याची तजवीज केली, दुसरीकडे शत्रूशी सौदा करून मित्राला फक्त निकाल कळवला. १९९०मध्ये आपणही आपल्या तमिळ साथीदारांना निकालच कळवला.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. तारीख हवी, आणि ती जाण्याआधी हवी. कामासकट हवी, म्हणजे काम झालं तर आधी येता येतं, जसं १९७२मध्ये आलो. आणि नाही झालं तर मुदत वाढवून मागताना सरकारला कारण सांगावं लागतं. यजमानासोबत बसून ठरवलेली हवी, कारण जी तारीख आपण ठरवत नाही ती मग दुसरा ठरवतो, जाहीर सभेत, आणि ती आपल्याला रेडिओवर ऐकावी लागते. आणि ज्या स्थानिकांनी आपल्याला साथ दिली त्यांना कुठे, कसं सुरक्षित न्यायचं, हे त्याच कागदावर हवं. लढाईचे डाव उघड करा असं कोणी म्हणत नाही. कोणती टेकडी कधी सोडणार हे सेनापतीपाशी राहू द्या. देश किती दिवसांसाठी आपली माणसं देतोय, हे गुपित असू शकत नाही.

हे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेकडे बघावं. आपले जवान तिथे कित्येक वर्षं जातायत, काँगोत, दक्षिण सुदानमध्ये, लेबनॉनमध्ये. तिथल्या जवळपास प्रत्येक मोहिमेच्या ठरावात मुदतीची तारीख असते. ती संपली की पुन्हा सगळ्यांसमोर मत घेऊनच वाढवावी लागते. लेबनॉनच्या मोहिमेचीही ३१ डिसेंबर २०२६ ही अखेरची तारीख सुरक्षा परिषदेने ठरवून टाकली आहे. आपल्या राज्यघटनेत मात्र सैन्य परदेशी पाठवण्याआधी संसदेची मंजुरी घ्यावी, असं बंधन आजही नाही. १९८७मध्ये नव्हतं, आता नाही.

महाड आणि पोलादपूर हे दोन्ही तालुके रायगड लोकसभा मतदारसंघात येतात. इथल्या वाड्यांतून आजही पोरं भरतीला पळतात. पहाटे महामार्गाच्या कडेने धावताना ती तुम्हाला दिसतील. पुढे कधी दिल्लीने शेजारच्या एखाद्या देशात फौज पाठवायचं ठरवलं, तर झेंडे लावायच्या आधी तुमच्या खासदाराला एक पत्र टाका. काम कोणतं, मुदत किती, आणि तिथे आपल्याला साथ देणाऱ्यांचं पुढे काय, एवढंच विचारा. उत्तर लेखी मागा, आणि ते फौज निघायच्या आधी मागा.